वहिनी, योगा करता ना तुम्ही? मग एवढं चिडायला काय झालं?

हे वाक्य आज दुपारी माझ्याच डायनिंग टेबलावर, माझ्याच हातची मटकीची उसळ खाता खाता आमचे पुण्याचे भाऊजी बोलले. आणि सगळे हसले. सगळे म्हणजे जाऊबाई, त्यांचा मुलगा, आमच्या आई आणि आमचे हे. ह्यांनी तर हसून झाल्यावर वर पोळी पण मागितली. लिहू की नको लिहू असं दोन तास चाललं होतं, तेवढ्यात भांडी झाली, ओटा पुसून झाला, परत एकदा पुसून झाला, तरी डोकं शांत होईना म्हणून आता लिहितेच. भाऊजी फेसबुकवर नाहीत. जाऊबाई आहेत. वाचा जाऊबाई, आणि दाखवा त्यांना.

चिडले कशावरून ते आधी सांगते. अण्णांसाठी, म्हणजे माझ्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांसाठी ठेवलेला ब्युरोचा माणूस (घरी पेशंट सांभाळायला येतात ना, ते) चार दिवस झाले आलेला नाही. ते निघालं बोलण्यात. तर भाऊजी म्हणाले, "दुसरा बघा की मग, नाशकात काय माणसं मिळत नाहीत का?" मी म्हणलं, "तुम्हीच बघा ना, फोन आहेच हातात." बस, एवढंच. आवाज चढला होता, मान्य. हातातला डाव पातेल्यात जरा जोरात आपटला, तेही मान्य. पण त्यावर उत्तर काय यावं, तर योगा करता ना तुम्ही!

(कमेंटमध्ये "योगा नव्हे, योग" लिहायला येणाऱ्यांनी आज येऊ नका. मला माहितीये. आज नको.)

मला एक कळत नाही, योग करणाऱ्या बाईने चिडायचं नाही हा नियम कोणी काढला? ह्यांचे मित्र रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर पाच किलोमीटर चालतात आणि तिथूनच सरळ जाऊन तर्रीवाली मिसळ हाणतात, त्यांना कोणी विचारतं का की चालता ना, मग पोट कसं काय? पुरुषाचा व्यायाम हा व्यायाम. बायकोचा योग म्हणजे घराला लागणारं एक औषध, तिने घ्यायचं आणि गुण सगळ्यांना यायला पाहिजे. सकाळी वीस मिनिटं दिली ना तुला? मग दिवसभर गप्प बस, हस, उसळ वाढ.

आणि दिली म्हणजे काय दिली? ती वीस मिनिटं कुठून येतात माहितीये का कोणाला?

अण्णांना ऑगस्ट २०२३ मध्ये झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवं अंग गेलं आणि बोलणं पण गेलं. समजतं सगळं. डोळ्यांनी उत्तर देतात, डावा हात चालतो. त्यांच्या डाव्या हाताशी आम्ही एक स्टीलचा चमचा ठेवलाय, हाक मारायला. काही लागलं की ते कॉटच्या लोखंडी कठड्यावर चमचा वाजवतात. टण टण टण टण असं भराभर वाजलं की समजायचं पळा.

बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. रात्रीची ड्युटी माझी आणि ह्यांची आलटून पालटून, पण ह्यांची सिन्नरला फर्स्ट शिफ्ट असली की माझीच. पहाटे पाचला कूस बदलून झाली की पावणेसहाला डब्याची कणीक भिजवायची. मधल्या वेळात नळाला पाणी येतं, आमची लेक बारावीला आहे तिला तीन वेळा उठवायचं असतं, आई उठून "झालं का गं तुझं?" विचारतात. काय झालं का माझं? काय व्हायचं असतं? तर त्या फटीतली वीस मिनिटं. कधी बारा. परवा सहा.

मी शिकले २०११ साली, आमच्या इथल्या उपनगर नावाच्या भागात एका हॉलमध्ये एक रिटायर्ड शिक्षिका बाई वर्ग घ्यायच्या. कडक एकदम. बारा सूर्यनमस्कार, मग ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन असं सगळं ओळीने, दहा मिनिटं अनुलोम-विलोम आणि शवासन चुकवून पळालं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर नाव घ्यायच्या. पाऊण तास. घरी आल्यावर पण मी तेवढंच करायचे, वर्षानुवर्षं, खरंच सांगते एक दिवस खाडा नाही. आणि मला त्याचा माज होता. मैत्रिणी म्हणायच्या वेळ नाही मिळत गं, तर मी म्हणायचे काढला की मिळतो. आज कोणी हे वाक्य माझ्यासमोर बोलून दाखवावंच.

अण्णांना झटका आल्यावर तीनेक महिने सगळं बंद. मॅट कपाटावर. न करता मी काय असते ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ह्यांनी बघितलंय, त्यामुळे योगाने काय फरक पडतो हे ह्यांना विचारा, भाऊजींना नाही.

परत सुरू केलं दिवाळीनंतर. इन्स्टावर त्या मुली सांगतात बघा, घरात एक छान कोपरा तयार करा. पांढरी भिंत, मनी प्लांट, खिडकीतून ऊन. आमच्या जेलरोडच्या घरात रिकामी जमीन एकाच ठिकाणी आहे, अण्णांच्या कॉटच्या बाजूला, सव्वादोन फूट रुंद. डोक्याशी डायपरचं पाकीट, पायाशी लेकीची फिजिक्सची थप्पी. अण्णांच्या एअर गादीचा पंप रात्रंदिवस घुर्र करतो, तोच माझा ओंकार. पर्वतासनात मान खाली घातली की समोर युरिन पॉट. हा माझा पवित्र कोपरा.

पहिल्या दिवशी चार नमस्कार झाले आणि हात थरथरायला लागले. दुसऱ्या दिवशी पाच. असं करत करत एका पहाटे, बाहेर थंडी मरणाची, ते दिवस होते जेव्हा निफाडच्या पाऱ्याची पेपरात रोज बातमी असते, मी म्हणलं आज बारा करू. मनात मोजत होते. पण मन कुठे असतं, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, लेकीची फी, गॅस संपत आलाय. मी बारा झाले असं समजून शवासनात पडले. आणि कठड्यावर चमचा वाजला. टण. एकदाच.

मी उठले. अण्णा काय हवंय, पाणी? डोळ्यांनी नाही. कूस बदलू? नाही. पंखा? नाही. आणि परत टण. आणि मग त्यांनी चमचा माझ्याकडे नाही, मॅटकडे केला.

अकराच झाले होते!

माझे सासरे करन्सी नोट प्रेसमध्ये होते. आयुष्यभर कागद मोजला त्या माणसाने. आमच्या नाशिकरोडच्या लोकांना वेगळं सांगायला नको प्रेसचा माणूस म्हणजे काय ते, एक शीट इकडचं तिकडे झालं तर घरी सोडत नाहीत. रिटायर झाल्यावर सुद्धा किराणावाल्याने दिलेली मोड तीनदा मोजायचे आणि मला त्याचा वैताग यायचा. तो माणूस तिथे पडल्या पडल्या, पहाटे सव्वापाचला, अंधारात, माझे नमस्कार मोजत होता. कधीपासून मोजत होते देव जाणे. चार झाले ते दिवस पण मोजले असतील.

मी बारावा घातला.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. एक नमस्कार, एक टण. हलक्या हाताने, आई उठू नयेत एवढाच. मी मोजायचं सोडूनच दिलंय.

आता कोणी म्हणेल एवढं आहे तर मग चांगलंच आहे की, चिडतेस कशाला. तेच तर सांगतेय ना! एवढं असून पण चिडते. चिडणारच. आमच्या बाई पतंजलींची सूत्रं पाठ करून घ्यायच्या, त्यात अंतराय म्हणून नऊ अडथळे सांगितलेत, व्याधी, संशय, आळस वगैरे, आणि लगेच पुढच्या सूत्रात त्यांच्या जोडीला काय काय येतं ते आहे: दुःख, मन खट्टू होणं, अंग थरथरणं, श्वास बिघडणं. हात का थरथरत होते त्या पहिल्या दिवशी, ते तिथे लिहून ठेवलेलं आहे. कधीचं. म्हणजे खुद्द पतंजलींनी धरून चाललंय की करणाऱ्याचं हे असं होणार. आमच्या भाऊजींना फक्त मान्य नाही.

आणि समर्थांचं उदाहरण मला कोणी देऊ नका. आमच्या जवळच टाकळी आहे, मी जाते गोमय मारुतीला शनिवारी जमेल तसं. समर्थ तिथे बारा वर्षं राहिले, नदीच्या पाण्यात कमरेइतकं उभं राहून जप करायचे आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घालायचे असं सांगतात. बाराशे! आई मला हे दर आठवड्याला ऐकवतात. हात जोडून बोलते, भक्तांनी रागावू नये, पण ते "सावधान" ऐकून बोहल्यावरून निघून आले होते ना? मी बोहल्यावर उभीच राहिले. मला "सावधान" ऐकू आलं होतं, मला वाटलं ते अक्षतांबद्दल आहे.

हसले लिहिता लिहिता. राग थोडा उतरला वाटतं. पण थांबा, ह्यांचं राहिलं.

भाऊजी पाहुणे माणूस, पुण्याहून महिन्यातून एकदा येतात, पेढे आणतात, अण्णांचा हात हातात घेऊन फोटो काढतात. दर महिन्याला पैसे पाठवतात, वेळेवर पाठवतात, हे पण लिहायला पाहिजे, लिहिलं. पण तुम्ही का हसलात? तुम्ही शेजारच्या खोलीत असता. तुम्हाला रोज पहाटे बारा टण ऐकू येतात. मागे एकदा तुम्हीच म्हणालात की आज अकराच वाजले, बरं नाही का तुला? म्हणजे तुम्ही पण मोजता! बाप मोजतो, मुलगा मोजतो, आणि टेबलावर भाऊ काहीतरी बोलला की दात काढायचे. त्याचं मला जास्त लागलं. भाऊजींचं नाही एवढं.

लोक सांगतात क्लास लाव, बाहेर पड, मोकळी हवा मिळेल. बरोबर आहे त्यांचं, वर्गात जे होतं ते घरी होत नाही, कोणी पाठीवर हात ठेवून कंबर सरळ करणारं असतं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. मला जमत नाही. आणि २१ जूनला ग्राउंडवर टी-शर्ट घालून जाणं पण जमत नाही, २०१५ ला पहिल्या योग दिनाला गेले होते हौसेने, फोटो आहे, छान आलाय. त्या फोटोतल्या बाईचं वृक्षासन माझ्यापेक्षा चांगलं होतं. आता एका पायावर उभं राहायचं तर मी कॉटच्या कठड्याला बोट लावते. स्थिरसुखमासनम् म्हणे. सुख नाही, स्थिर पण नाही, आसन तेवढं आहे.

बीपी आहे मला, गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून कपालभाती आणि सर्वांगासन बंद केलंय. त्याऐवजी भ्रामरी करते, भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा असतो ती. पहिल्यांदा केली तेव्हा आई धावत आल्या, त्यांना वाटलं पंपच बिघडला. लेक म्हणाली, "मम्मी, मोबाईल व्हायब्रेट होतोय बघ." असं घर आहे. अशा घरात होतं ते. अर्धवट होतं, मध्येच उठून दूध बघावं लागतं, परत येऊन कुठल्या आसनात होते ते आठवत नाही, सरळ शवासन करते. पूर्वी अशा दिवसाला मी खाडा म्हणायचे. आता मी तो दिवस धरते. बाई असत्या तर धरला नसता, पण बाईंच्या घरी कॉट नव्हती.

भाऊजी मंडळी साडेचारला निघाली. जाताना जाऊबाई कानात म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो, त्यांना बोलायची सवयच आहे." बरं. मी संध्याकाळचा कुकर लावला आणि मला काय झालं कोणास ठाऊक, साडी खोचली आणि भर संध्याकाळी मॅट टाकली कॉटच्या बाजूला. जेवून पाच तास झाले नव्हते, नियमात बसत नाही, माहितीये. रागाने घातले नमस्कार. भराभर. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा सगळं उलटंपालटं. अण्णांना पण कळलं असणार, ते टण जरा थांबून थांबून देत होते, मी पुढे आणि चमचा मागे. सातव्याला मला थांबावंच लागलं त्यांच्यासाठी. मग आठवा सावकाश. नववा त्याहून सावकाश.

बारा झाले. मी उभीच. अजून डोक्यात घोंगावत होतं म्हणून मी तेराव्यासाठी हात जोडले. चमचा वाजला नाही. बघितलं तर त्यांनी चमचा गादीवर ठेवला होता आणि डावा पंजा जमिनीकडे हलवत होते, लहान पोराला झोप म्हणून खुणावतात तसा.

पडले मग. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तीनला बंद करायचा असतो. सहा झाल्या, सात झाल्या. शेवटी हे उठले आणि ह्यांनीच गॅस बंद केला, कुठला बर्नर ते पण न विचारता. डाळीचा पार लगदा झालाय, भाताची खीर. आज रात्री तेच आहे जेवायला.