मुका हिरो म्हणजे पैसे वाचवणं? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली, दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तरच लिहितोय. तुमचं म्हणणं असं की व्हिडिओ गेममधला मुका हिरो, म्हणजे स्वतः काहीच न बोलणारं मुख्य पात्र, ही जुन्या काळातली पैसे वाचवायची सोय, हाफ-लाइफचा हिरो गॉर्डन फ्रीमन म्हणजे हातात क्रोबार (पहार) दिलेला कॅमेरा, झेल्डा मालिकेचा हिरो लिंक नुसता ठोंब्यासारखा उभा, आणि २०२३ च्या डेड स्पेस रिमेकमध्ये (जुन्या गेमच्या नव्या आवृत्तीत) हिरो आयझॅक बोलायला लागल्यावर तरी हा वाद मिटायला हवा.

आयझॅकचं मान्यच आहे. त्याला पेशा आहे, इशिमुरा या अंतराळयानावर त्याची मैत्रीण निकोल आहे जिच्यासाठी तो आलाय, आणि २००८ च्या गेममध्ये हा माणूस तिच्याबद्दलही अवाक्षर काढत नाही, बाकीचे कामं सांगतात आणि हा निमूट करत सुटतो. खटकायचंच ते. गोष्ट त्याची होती, आवाज त्याला हवाच होता.

पण तेच माप गॉर्डनला कसं लावता? हाफ-लाइफ २ ची सुरुवात आठवा. सिटी १७ चं स्टेशन, मास्कवाला पोलिस मुद्दाम कॅन खाली पाडतो आणि म्हणतो, उचल. इथे गॉर्डनने एखादा कडक डायलॉग मारला असता तर उत्तर त्याचं झालं असतं, माझं नाही. तो गप्प आहे म्हणून कॅन माझ्या हातात येतो. मुकाट्याने कचऱ्यात टाकला तर तो हसून जाऊ देतो, त्याच्याच अंगावर फेकला तर दंडुका घेऊन मागे लागतो. अपमान गिळायचा की नाही हे मी ठरवायचं! कॅमेऱ्यावर ही वेळ येत नाही हो.

आणि हे फुकटात होत नाही, हिरो गप्प असला की संभाषणाचा सगळा भार समोरच्यावर येतो. पोर्टल या गेममध्ये ग्लाडॉस ही बोलणारी कॉम्प्युटरबाई एकटी टोमणे मारत राहते, आपलं पात्र चकार शब्द काढत नाही, आणि इकडे मी चक्क मराठीत 'गप गं बाई' म्हणत असतो.

आवाज दिल्यावर काय जातं ते फॉलआउट या गेम मालिकेत बघा. न्यू वेगासमध्ये (२०१०) हिरोला आवाज नव्हता, पण त्याचं पूर्ण वाक्य वाचून निवडता यायचं, पात्राची बुद्धी कमी ठेवली तर काही ठिकाणी बोलणंही मठ्ठ व्हायचं, काय मजा होती त्यात. फॉलआउट ४ (२०१५) मध्ये हिरोला आवाज मिळाला आणि आपल्या वाट्याला आले चार त्रोटक पर्याय, बटण दाबलं की तोंडातून भलतंच बाहेर. शेवटी पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेला बदल) लोकांनीच बनवला. तुम्ही २०२३ म्हणता ना, त्याच वर्षी फॉलआउट ४ बनवणाऱ्या बेथेस्डानेच स्टारफील्ड या गेममध्ये हिरोला पुन्हा मुका केला.

राहिला लिंक. त्याच्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड या गेममध्ये राजकन्या झेल्डाने डायरीत लिहिलंय की इतक्या लोकांचे डोळे आपल्यावर असताना खंबीर राहिलं पाहिजे, सगळं ओझं मुकाट्याने सोसलं पाहिजे असं त्याला वाटतं, म्हणून तो बोलत नाही. हायरूल कॅसलमध्ये तिच्या खोलीत आहे ती डायरी, वाचली नसेल तर आधी तिथे जाऊन या, मग ठोंब्या म्हणा.