‘कॉपी-पेस्टचे साडेअकराशे’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की बंद पडलेल्या लॅपटॉपमधली गाणी पेनड्राइव्हवर घेताना ३४२ गाण्यांपैकी ३३ गाणी आम्ही गहाळ केली, चार दिवस लावले, नुसत्या कॉपी-पेस्टचे ₹१,१५० घेतले, वहीत नाव-पत्ता-सही घेऊन चोरासारखं वागवलं आणि एवढं करून पेनड्राइव्ह गाडीत वाजलाच नाही. शेवटची चूक आमची. गाडीतला डेक कुठला आहे हे पेनड्राइव्ह हातात देण्याआधी विचारायला हवं होतं, ते राहून गेलं. मनापासून माफी मागतो. त्यावरचा उपाय खाली लिहिलाय.

पण ‘कॉपी-पेस्ट’ हा शब्द फार लागला. काल दोन जणांनी फोन करून कामाचं विचारायच्या आधी ‘तुम्ही गाणी गहाळ करता का?’ असं विचारलं. म्हणून सगळा हिशोब इथंच, सगळ्यांसमोर मांडतो.

तुमच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून निघालेली ३४२ गाणी एका जातीची नव्हती. ११८ गाणी एम४ए प्रकारच्या फाइलींत होती, बिनकुलपाची, म्हणजे नक्कल करायला कसलीच आडकाठी नसलेली. त्यातली बरीचशी तुम्हीच पूर्वी स्वतःच्या सीडीवरून चढवलेली. ती खरोखर कॉपी-पेस्टनं गेली, दोन मिनिटं लागली. पावती काढून बघा, त्यांचा एक रुपयाही लावलेला नाही. १० गाणी डब्ल्यूएमए, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रकारच्या फाइलींत होती, त्यांचं पुढे सांगतो. उरलेली २१४ एम४पी, म्हणजे आयट्यून्स या अ‍ॅपलच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेली कुलूपवाली होती आणि पैसे नि दिवस गेले ते यांच्यामागे.

आयट्यून्सचं दुकान अमेरिकेत २८ एप्रिल २००३ ला उघडलं. तिथून २००९ पर्यंत तिथली बहुतेक गाणी ‘फेअरप्ले’ नावाच्या कुलपासकट विकली जात. फाइलीतला आवाज सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि त्याची किल्ली विकत घेणाऱ्याच्या खात्याशी बांधलेली असते. तुमची खरेदी २००५ ते २००८ मधली, तिकडं राहत होतात तेव्हाची. भारतात हे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये आलं, तोवर गाण्यांवरचं कुलूप निघालं होतं. म्हणून मैत्रिणीची इथं घेतलेली गाणी पटकन कॉपी होतात आणि तुमची होत नाहीत, यात आमचा हलगर्जीपणा नाही. तुमच्या भाच्यानं चाळीसेक फाइलींच्या नावाचं शेपूट एम४पीचं एमपी३ करून ठेवलं होतं. त्यानं काही होत नाही, दारावरची पाटी बदलली तरी कुलूप तेच राहतं. उलट कुठल्या फाइली बदलल्यात हे आम्हाला एकेक उघडून शोधावं लागलं आणि नावं पूर्ववत करावी लागली.

ही गाणी वाजवायची तर आधी आमच्या संगणकाला तुमच्या खात्याची मान्यता द्यावी लागते. एका खात्याला अशा पाच संगणकांची मुभा असते. तुमचे पाचही भरलेले होते, आणि त्यातले चार आता अस्तित्वातच नाहीत. सगळे एकदम मोकळे करण्याची सोय आहे, पण ती वर्षातून एकदाच वापरता येते. ती वापरायला खात्यात शिरावं लागतं. पासवर्ड तुमच्या लक्षात नव्हता आणि नवा करायचा तर कोड तिकडच्या जुन्या नंबरवर जात होता, तो फोन तुमच्या बहिणीकडे. सोमवारी संध्याकाळी मागितलेला कोड बुधवारी सकाळी आला. चार दिवसांतला हा दीड दिवस आमच्या खात्यावर टाकू नका, एवढीच विनंती. काम झाल्यावर आमच्या संगणकाची मान्यता काढून टाकली आहे. ती काढायची राहिली असती तर तुमची एक जागा फुकट अडकली असती. हे कुणी दुकानदार आपणहून सांगत नाही, म्हणून सांगतो.

मान्यता मिळाल्यावर २१४ पैकी १९१ गाणी उघडली. २३ उघडली नाहीत, कारण ती तुमच्या खात्यावरची नाहीतच. गाण्याची माहिती उघडली की खरेदीदाराचं खातं त्यात दिसतं. या २३ वर तुमच्या दिरांचं खातं आहे. ते स्क्रीनवर तुम्हाला दाखवलं होतं.

१९१ पैकी १३९ गाणी तुमच्या खात्यातून पुन्हा उतरवता आली आणि ती बिनकुलपाची, २५६ केबीपीएसची आली (हा आकडा जितका मोठा तितका आवाज कमी दाबलेला). तुमच्या जुन्या प्रती १२८ च्या होत्या, म्हणजे ही आधीपेक्षा चांगली मिळाली. उरलेली ५२ आता त्या दुकानात विकायला नाहीत. त्यांच्यासाठी एकच सरळ रस्ता राहतो. विकणाऱ्यानंच खरेदीदाराला ही गाणी साध्या ऑडिओ सीडीवर राइट करायची परवानगी दिली होती, एकच यादी सात वेळांपर्यंत. सीडीवर आवाज उघडा जातो. तिथून तो परत संगणकात घ्यायचा.

आता हे ‘दोन मिनिटांचं’ काम कसं होतं ते बघा. सीडीत ८० मिनिटं मावतात, तुमची ५२ गाणी चार सीडींत बसवली, प्रत्येकीत १३. राइट करायचा वेग १६ पटींवर ठेवला. घाई करून कमाल वेगावर टाकलं तर परत वाचताना टिचक्यांसारखे आवाज येतात आणि ते गाणं सुरू झाल्याशिवाय कळत नाहीत. एक सीडी लिहायला पाच-सहा मिनिटं. मग ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’नं ती परत वाचायची. हा प्रोग्राम शंका आली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतो, त्यामुळे दहा ते पंधरा मिनिटं जातात. अशा सीडीवरून परत घेताना गाण्यांची नावं येत नाहीत. फाइली निघतात ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा. बावन्न गाण्यांची नावं, गायक, अल्बम आणि क्रम हातानं टाइप केला.

तुमच्या तिसऱ्या सीडीत एका मैफलीचं ध्वनिमुद्रण होतं, आलाप आणि पुढची बंदिश दोन वेगळ्या फाइलींत, पण आवाज सलग. सीडी राइट करताना प्रोग्राम दोन गाण्यांमध्ये आपोआप दोन सेकंदांची मोकळी जागा सोडतो. ती तशीच राहिली तर तानपुरा चालू असताना मध्येच तुटतो. पहिल्या खेपेला तो तुटलाच. ऐकल्यावर जागा शून्य करून सीडी पुन्हा लिहिली. खराब झालेल्या त्या पाचव्या सीडीचे पैसे लावलेले नाहीत.

या ५२ गाण्यांची मूळ प्रत एमपी३ न करता एफएलएसीमध्ये, म्हणजे आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या फाइलीत ठेवली, कारण १२८ चा आवाज आधीच दाबलेला आहे. तो पुन्हा दाबला की झांजा आणि तंबोऱ्याचा वरचा भाग सर्वांत आधी किरकिरा होतो. पेनड्राइव्हवर मात्र त्यावरून काढलेल्या २५६ च्या प्रती दिल्या, बाकीच्या गाण्यांसारख्याच.

पावती अशी आहे: लॅपटॉप उघडून डिस्क काढणं आणि तिची आधी पूर्ण नक्कल घेणं ₹२५०, १३९ गाणी उतरवून जुन्या यादीशी ताडणं ₹२००, चार सीडींचं राइट-रीड आणि नावं टाइप करणं प्रत्येकी ₹१५० प्रमाणे ₹६००, कोऱ्या सीडी चार, ₹१००. बेरीज ₹१,१५०. खात्यासाठी केलेल्या खटपटीचा आकार शून्य. बाजारात दोनशे रुपयांत पेनड्राइव्ह भरून मिळतो असं तुम्ही लिहिलंय. मिळतो. त्यात तुम्ही विकत घेतलेली गाणी नसतात, कुणाची तरी उचललेली असतात. ते काम आम्ही करत नाही आणि त्या दराशी आमची तुलना केलेली पटत नाही.

त्या १० डब्ल्यूएमए गाण्यांचा परवाना फाइलीत नसतो, ज्या विंडोजवर ती पहिल्यांदा वाजवली तिथं वेगळा साठवलेला असतो. तुमच्या लॅपटॉपवर मधल्या काळात विंडोज नव्यानं टाकलं गेलं, तेव्हाच तो गेला. नवा परवाना विकणाऱ्याच्या सर्व्हरवरून यायचा, आणि त्या काळातली असली बहुतेक दुकानं बंद झाली. ‘याहू’ कंपनीच्या गाण्यांच्या दुकानानं तर ३० सप्टेंबर २००८ नंतर परवाने देणारे सर्व्हरच बंद करत असल्याचं आधी कळवलं होतं. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे वेळेत सीडी करून ठेवल्या त्यांची गाणी राहिली. तेव्हा २३ आणि १० मिळून ही ३३. ती आमच्याकडून गहाळ झालेली नाहीत, फाइली पेनड्राइव्हवर ‘न उघडलेली’ या फोल्डरमध्ये जशाच्या तशा आहेत. दिरांनी स्वतः त्यांच्या खात्यात शिरून दिलं तर २३ चं काम अजून होईल.

वहीबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ मध्ये कलम ६५-ए आलं. हक्कभंग करायच्या इराद्यानं असं कुलूप मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी सूट आहे, पण दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्यानं त्या व्यक्तीचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कशासाठी मदत केली हे पूर्ण नोंदवून ठेवायचं, असं तिथंच लिहिलेलं आहे. तुमच्या कामात आम्ही कुलूप मोडलं नाही, परवानगीच्या वाटेनंच गेलो. तरी कुलूपवाल्या प्रत्येक कामाची नोंद आम्ही करतोच. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला दुकानदाराकडे तेवढीच वही असते, आणि मशिनं जप्त झाली तर आमचं दुकान त्या दिवसापासून बंद. आधारची झेरॉक्स मागितली नाही, वही कपाटात कुलपात असते. ती सही तुम्हालाही उपयोगाची आहे, स्वतःच्या खरेदीची स्वतःसाठी प्रत काढून घेतली याचा तो कागद आहे.

आणि जे अभिप्रायात नाही तेही सांगावं लागतंय. गुरुवारी घ्यायला आलात तेव्हा याच गाण्यांचे आणखी तीन पेनड्राइव्ह मागितलेत, दोन मैत्रिणींसाठी आणि एक तुमच्या योगवर्गासाठी. आम्ही नाही म्हटलं आणि त्यानंतरच तुमचा सूर बदलला. कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा आहे. गाण्यांच्या किती प्रती हा आकडा तिथं दिलेला नाही. एक वापरायची आणि एक जपून ठेवायची, हा नियम आमच्या दुकानाचा आहे. पण फी घेऊन चालणारा वर्ग हा वैयक्तिक वापर नाही, आणि मैत्रिणीला दिलेली प्रत तिनं विकत घेतलेली नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या दुकानातून घेतलेल्या बिनकुलपाच्या गाण्यांतही खरेदीदाराचं नाव आणि ईमेल लिहिलेलं असतं. ती फाइल चार हात फिरली तरी तुमचं नाव घेऊनच फिरते.

आता गाडीचं. तुमचा पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, तो एक्सफॅट या फाइली मांडायच्या नव्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आला होता आणि आम्ही तसाच भरला. जुने डेक फॅट३२ ही जुनी पद्धतच वाचतात, आणि ३२ जीबीच्या वरच्या पेनड्राइव्हला विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट फॅट३२ चा पर्याय दाखवत नाही, म्हणून घरी करून बघितलं तरी जमलं नसेल. शिवाय काही डेकना एम४ए चालत नाही, एमपी३ च लागतं. पेनड्राइव्ह आणि डेकच्या पुढच्या भागाचा एक फोटो घेऊन या. फॅट३२ करून, सगळी ३०९ गाणी ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये, एका फोल्डरात शंभराच्या आत ठेवून देतो. पैसे नाहीत. एफएलएसी प्रती आमच्याकडे महिनाभर असतात, नंतर पुसतो, तेव्हा त्याआधी या. यापुढे डेकचं विचारूनच पेनड्राइव्ह देऊ, आणि दरफलकही लावतोय.

इंदिरानगरहून येणार असाल तर संध्याकाळी एम.जी. रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळी अकराच्या आत आलात तर अर्ध्या तासात हातात देतो. पिशवीच्या आतल्या कप्प्यात पांढऱ्या पाकिटात त्या चार सीडी दिल्यात, त्यावर मार्करनं क्रमांक टाकलेत. त्या टाकून देऊ नका, त्या ५२ गाण्यांची तुमच्याकडची दुसरी प्रत तीच आहे.

आपला,
दुकानाचा मालक, एम.जी. रोड, नाशिक