पाटी लागेल तिथेच पैसा?

"आमच्या नावाची पाटी कुठे लागेल?" मनोरुग्णांच्या घरोघरी जाऊन औषधपाणी बघणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी एका कंपनीकडे मदत मागायला गेलो, तर परवा पुन्हा हाच प्रश्न. डोकं फिरलं अक्षरशः!

कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना सांगतं, तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करा. हाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. सातव्या परिशिष्टात कामांची यादी चांगली लांबलचक आहे. मग सगळ्यात मोठा वाटा दरवर्षी शिक्षण आणि आरोग्य याच दोन रकान्यांत का? आणि शिक्षण म्हणजे तरी काय? डिजिटल वर्ग, दप्तरं, रंगवलेल्या भिंती. शिकवणाऱ्या ताईचं मानधन मागा, लगेच "पगारासाठी आम्ही देत नाही". आरोग्य म्हणजे रुग्णवाहिका. तिचं डिझेल कोण भरणार? ड्रायव्हर कुठून आणायचा?

सीएसआरचा पैसा मिळण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. पण कायदाच म्हणतो, कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. मग नंदुरबार, गडचिरोलीने काय करायचं? कारखाने कमी म्हणून तिथली पोरं कमी उपाशी असतात का?

आणि मार्च आला की फोनवर फोन: "चार दिवसांत प्रस्ताव पाठवा, पैसे संपवायचेत." वर्षभर आम्ही उंबरे झिजवत होतो, तेव्हा कुठे होतात? करार एका वर्षाचा. पुढच्या वर्षी "आता आमचा फोकस बदललाय". अहो, तुमचा फोकस बदलला, पण आमच्या त्या मनोरुग्ण बाईची गोळी आयुष्यभराची आहे!