हॅम्बुर्गचा हुकूम कोणाचा?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमची तक्रार अशी की, नेपोलियनचा सेनापती मार्शल दावू याच्यावरच्या लेखात आउअरश्टेटची लढाई मी चार ओळींत उरकली आणि हॅम्बुर्ग या जर्मन शहराला त्याने दिलेल्या वागणुकीवरून त्याला झोडपत बसलो; 'वेढ्यात अडकलेला सेनापती वरून आलेला हुकूम पाळणार नाही तर काय करणार?'

आउअरश्टेटबद्दल आपलं दुमत नाहीच. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी सुमारे २७ हजार फौजेनिशी त्याने दुपटीहून मोठं प्रशियन सैन्य मोडलं. शत्रूच्या मोठ्या संख्येबद्दल चष्मेवाल्या दावूचा निरोप ऐकून 'तुमच्या मार्शलला एकाचे दोन दिसतात' असं नेपोलियन म्हणाला म्हणे! पण यावर सगळेच लिहितात.

हॅम्बुर्गचं बघा. मे १८१३ च्या अखेरीस बंडखोर शहर पुन्हा फ्रेंचांच्या हाती आलं, तेव्हा नेपोलियनचा हुकूम होता: सिनेटर (शहराचे कारभारी) पकडा, म्होरक्यांना गोळ्या घाला. दावूने गोळ्या घातल्या नाहीत, उलट माफीची रदबदली केली. ४ कोटी ८० लाख फ्रँकचा दंड मात्र शहराच्या माथी बसलाच. म्हणजे बादशहाचा हुकूम कुठे सौम्य करायचा, हे त्याला चांगलं कळत होतं आणि तेवढी त्याची पतही होती.

मग हिवाळ्यात, शत्रूचा वेढा पडायच्या सुमारास, काय झालं? सहा महिन्यांच्या धान्याची बेगमी करा, नाहीतर शहर सोडा, असं फर्मान निघालं. हातावर पोट असणाऱ्यांनी बेगमी करायची कशातून? ऐन नाताळात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत हजारो माणसं वेशीबाहेर काढली गेली. त्यांतली अनेक शेजारच्या डॅनिश आल्टोनात गेली. तिथे मेलेल्या ११३८ जणांचं स्मारक पुढे ओटेन्सेनला उभं राहिलं. वेढ्यात खाणारी तोंडं कमी करणं ही त्या काळची लष्करी रीत होती, मान्य. हॅम्बुर्गच्या बँकेतली जप्त केलेली चांदी त्याने स्वतःच्या खिशात घातली नाही, फौजेवर खर्च केली, हेही मान्य. लेखात दोन्ही आहे. बहुधा रागाच्या भरात तुमच्या नजरेतून सुटलं.

आणि 'हुकूम' या बचावाबद्दल खुद्द दावू काय म्हणाला? नेपोलियनच्या पाडावानंतर, जुलै १८१५ मध्ये, परतलेल्या बूर्बाँ राजघराण्याच्या सरकारने ग्रूशी, क्लोझेल वगैरे नेपोलियनच्या सेनापतींना शिक्षेच्या यादीत घातलं. नेपोलियनचा युद्धमंत्री म्हणून हुकूम मी दिले होते, त्यांच्या जागी माझं नाव घाला, असं त्याने लेखी कळवलं. त्याची हीच कसोटी मी हॅम्बुर्गला लावली. तिथल्या फौजेला हुकूम देणारा दावूच होता.