‘एका युनिटात तीन युनिटे’ : एका सांगलीकर वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक स्पष्टवक्ता सांगलीकर’ या नावाने माझ्या मागील लेखावर आलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली आणि तिला उत्तर देऊ नये असेच प्रथम ठरवले होते. परंतु तिच्याखाली आणखी दोघा-तिघांनी ‘अगदी बरोबर’ म्हणून माना डोलावल्या आहेत, त्यांत मला नावानिशी ओळखणारे एक गृहस्थही आहेत. तेव्हा गप्प बसलो तर मला हे सारे मान्य आहे असाच अर्थ निघेल.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साताऱ्यातील घरात वृद्ध माणसाची खोली हिवाळ्यात रात्रभर ऊबदार ठेवायची असेल, तर विजेवरचे कोणते साधन घ्यावे, हा लेखाचा विषय होता. अर्धा-पाऊण तास अंग शेकायचे असेल तर हॅलोजनचा किंवा रॉडचा हिटर पुरे, काही तासांपुरती बंद खोली हवी असेल तर तेलाचा हिटर बरा, आणि खोली रात्रभर ऊबदार हवी असून उन्हाळ्यासाठी एसी घेण्याचाही विचार असेल तर हॉट अँड कोल्ड प्रकारचा, म्हणजे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारा, इन्व्हर्टर एसी घ्यावा, असे माझे मत होते व आहे. यावर सांगलीकरांचे म्हणणे असे, की साताऱ्यात हिटर लागावा अशी थंडीच नसते. दीड-दोन महिन्यांच्या गारठ्यासाठी चाळीस हजारांचे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. वीज गेली की हे सारे ठप्प होते. आमच्या आजोबांनी घोंगडी आणि शेगडीवर नव्वदी गाठली. आणि शेवटी हे वाक्य : “एका युनिटातून तीन युनिटांची उष्णता मिळते असे लिहिणारा माणूस एकतर दहावीचे विज्ञान विसरला आहे, किंवा त्याला एसीच्या दुकानदाराने पाकीट दिले आहे.”

महाशय, मतभेद असू शकतात. मला हिशेब दाखवून ‘हे तुमचे चुकले’ असे कोणी लिहिले असते, तर मी त्यांचे आभारच मानले असते. परंतु स्वतःचे नाव झाकून दुसऱ्याच्या सचोटीवर बोट ठेवायचे आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणायचे, ही रीत मला ठाऊक नाही. लेखात मी एकाही कंपनीचे नाव घेतलेले नाही, एकाही दुकानाचा पत्ता दिलेला नाही. पाकीट देणारा दुकानदार इतका उदार असेल, की त्याने स्वतःचे नावही छापू नये असे सांगितले, तर त्याची भेट घ्यायला मलाही आवडेल.

आता दहावीच्या विज्ञानाविषयी. माझ्या वडिलांचे साताऱ्यात मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते आणि शाळा सुटल्यावर माझी संध्याकाळ तिथेच जात असे. त्या काळी घरोघरी कॉइलच्या इलेक्ट्रिक शेगड्या असत. चिनीमातीच्या तबकडीला गोल खाचा आणि त्यांत बसवलेली नायक्रोमची स्प्रिंगसारखी तार. ती तुटली की लोक दोन्ही टोके ओढून, त्यांना पीळ देऊन पुन्हा खाचेत दाबत. असे केले की तार आखूड होते, तिचा रोध कमी होतो, विजेचा प्रवाह वाढतो, जोडाजवळचा भाग प्रमाणाबाहेर लाल होतो आणि थोड्याच दिवसांत तार पुन्हा तुटते. दुरुस्तीला आलेल्या शेगडीत असा पीळ दिसला की वडील काही न बोलता सगळी कॉइल उपटून नवी बसवत, आणि गिऱ्हाईक ‘एवढीशी तर तुटली होती’ म्हणून कुरकुर करी. पुढे मी कऱ्हाडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेत शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत याच क्षेत्रात नोकरी केली. तेव्हा एक युनिट वीज रोधातून नेली तर 860 किलोकॅलरी उष्णता मिळते, त्याहून एक कणही अधिक नाही, हे मला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. रॉड असो, हॅलोजन असो, ब्लोअर असो की तेलाचा हिटर, एका युनिटाला उष्णता तेवढीच. तेलाच्या हिटरमधले तेल जळत नाही, ते फक्त तापते आणि सावकाश निवते. त्यामुळे ऊब सौम्य वाटते, बिल मात्र कमी होत नाही. हे सारे मूळ लेखात होते. आपण तो शेवटपर्यंत वाचला असेल, असे मी अजूनही गृहीत धरतो.

हॉट अँड कोल्ड एसीची गोष्ट निराळी असण्याचे कारण असे, की तो विजेपासून उष्णता तयारच करत नाही. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार पाणी तयार करत नाही, ते खालून वर आणते. एवढ्याशा विजेतून एवढे पाणी कसे निर्माण झाले, असे आपल्या जिल्ह्यातला कोणताही शेतकरी विचारणार नाही. हा एसी बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून खोलीत टाकतो. एक युनिट वीज कॉम्प्रेसर चालवायला लागते, दोन युनिटांएवढी उष्णता बाहेरच्या हवेतून येते आणि खोलीत तीन युनिटे पडतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडत नाही. बेरीज चोख जुळते. ही कल्पना माझी किंवा कोणा दुकानदाराची नाही, लॉर्ड केल्विन यांनी ती 1852 साली मांडली होती.

‘बाहेर बारा अंश तापमान, तिथे उष्णता कुठली?’ असा प्रश्न इथे पडतो आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. तो आपण विचारला असता तर मला आनंद झाला असता. अलीकडच्या बहुतेक घरगुती यंत्रांत आर-32 हे शीतक, म्हणजे नळ्यांतून फिरून उष्णता वाहून नेणारे द्रव्य, असते. साध्या वातावरणीय दाबाखाली ते उणे 52 अंशांच्या आसपास उकळते. यंत्रात दाब बराच अधिक असतो, तरीही बाहेरच्या कॉइलमधले शीतक भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड राहील अशीच योजना असते. त्यामुळे बारा अंशांची हवा त्याच्या दृष्टीने गरम ठरते आणि तिच्या उष्णतेने त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, ती तापते, आतल्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होते आणि होता होता आपली उष्णता खोलीला देते. उन्हाळ्यात हेच चक्र उलटे फिरते. मे महिन्यात आपल्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या बँकेच्या एसीच्या बाहेरच्या युनिटापुढे उभे राहिलात, तर तोंडावर जो गरम झोत येतो, तोच हिवाळ्यात खोलीच्या आत सोडायचा आहे. चक्राची दिशा बदलणारा एक व्हॉल्व्ह त्यासाठी यंत्रात असावा लागतो. तो सर्वच एसींत नसतो, म्हणून तर ‘हॉट अँड कोल्ड’ असे पाहून घ्या, असे मी बजावले होते.

आता ‘तीन’ हा आकडा कुठून आला ते पाहू. हीटिंगची क्षमता मोजण्याची जी प्रमाणित पद्धत आहे, तीत बाहेरचे तापमान 7 अंश आणि आतले 20 अंश धरतात. साताऱ्यात कडाक्याच्या पहाटेही पारा बहुधा दहा-बारा अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ज्या परीक्षेत यंत्राला गुण दिले जातात तिच्याहून इथली परीक्षा सोपी. तेव्हा तीनपट हा आकडा फुगवलेला नसून हात आखडता घेऊन लिहिलेला आहे.

माझ्या आईच्या खोलीचा हिशेब देतो, कारण मी जे लिहितो ते घरात वापरून लिहितो. खोली साधारण बारा बाय चौदा फुटांची, वर उघडा स्लॅब, दोन भिंती बाहेरच्या, त्याही नऊ इंची विटांच्या. अशा खोलीतून, आत-बाहेरच्या तापमानातील दर एका अंशाच्या फरकामागे, शंभर वॉटच्या आसपास उष्णता निसटते. त्यांतला जवळजवळ अर्धा वाटा एकट्या स्लॅबचा. बाहेर बारा आणि आत वीस म्हणजे आठ अंशांचा फरक, म्हणजेच सतत 800 वॉट. आठ तासांच्या रात्रीला 6.4 युनिटे. महिन्याला रोधाच्या हिटरवर सुमारे 190 युनिटे आणि हॉट अँड कोल्ड एसीवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, पासष्टच्या आत. घरगुती वीजदराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर बदलतात, हे बिल भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ज्या घराचा एरवीचा वापर दीडशे युनिटांचा आहे, ते घर हिटरमुळे तीनशेचा टप्पा ओलांडते आणि वरची युनिटे चढ्या दराने भरते. एसीवर ते दोनशेच्या थोडे पुढे जाऊन थांबते. यात दहावीच्या विज्ञानाइतकेच चौथीचे गणितही आहे.

आपल्या प्रतिक्रियेतील एक गोष्ट मात्र मी मोकळ्या मनाने मान्य करतो. बाहेरच्या युनिटाचा पहाटेच्या शांततेत आवाज येतो आणि गल्ली अरुंद असेल तर शेजाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो, असे आपण जाता जाता लिहिले आहे. ते खरे आहे. जुन्या पेठांतील घराला घर लागून असलेल्या वाड्यांमध्ये युनिट कोणत्या भिंतीवर बसवायचे, याचा विचार खरेदीआधीच व्हायला हवा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. केवळ हिवाळ्यासाठी एसी घ्या असे मी कुठेही म्हटलेले नाही. जो उन्हाळ्यासाठी घेणारच आहे त्याने थोडे अधिक मोजून दोन्ही ऋतूंचे यंत्र घ्यावे, असे म्हटले होते, आणि त्यामुळे चाळीस हजारांचा आक्षेप गैरलागू ठरतो. वीज गेली तर तुमचा रॉडचा हिटरही बंदच पडणार आहे. थंडीविषयी म्हणाल, तर सांगली कृष्णाकाठी साताऱ्याहून दीड-दोनशे मीटर खाली वसलेली आहे, तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची पहाट तिथे बसून मोजू नये. आजोबांची शेगडी मात्र मी हसण्यावारी नेणार नाही : बंद खोलीत कोळसे पेटते ठेवून झोपणे म्हणजे कार्बन मोनॉक्साईडला घरात घेणे होय, त्याला ना रंग ना वास, आणि अशाने माणसे झोपेतच गेली आहेत. दिवंगतांचे दाखले देऊन असे सल्ले जाहीरपणे देण्यापूर्वी तुम्ही थोडा विचार करायला हवा होता.

कोठे हे यंत्र घेऊ नये, हेही सांगून टाकतो, म्हणजे पाकिटाचा संशय तरी फिटेल. महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात जिथे दवबिंदू गोठतात, तिथे बाहेरच्या कॉइलवर हिम साचते. ते वितळवण्यासाठी यंत्र मधूनमधून उलटे फिरते, तेवढा वेळ खोलीत ऊब येत नाही आणि तीनपटीचा हिशेबही खाली येतो. कौलारू घरात, जिथे वाशांच्या फटींतून वारा आरपार जातो, तिथे हवा तापवण्यात काही अर्थच नाही. तिथे समोर बसून अंग शेकणारा हॅलोजनच योग्य. फक्त तो 2000 वॉटचा असेल तर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, हे ध्यानात ठेवून सोळा अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावावा. मोबाईल चार्जरच्या शेजारी सहा अँपिअरच्या बोर्डात खुपसू नये. वितळलेले काळे प्लग मी हातात धरून पाहिले आहेत.

आपल्याला पुन्हा लिहायचे असल्यास खोलीची लांबी-रुंदी, छताचा प्रकार, बाहेरच्या भिंती किती आणि हिवाळ्यातले एक बिल एवढे कळवावे. आपल्या घराचा हिशेब मी याच ठिकाणी मांडून दाखवीन, आणि तो माझ्या मताविरुद्ध गेला तरी जसाच्या तसा छापीन. पाकिटाविषयी पुन्हा लिहायचे असेल, तर मात्र खाली स्वतःचे नाव घालावे. बिननावाचा तसला मजकूर यापुढे इथे ठेवला जाणार नाही.