गाडीखाली पेंग्विन आहे का बघा

परवा शनिवारी रात्री पावणेअकराला मी मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडच्या कार पार्कात जमिनीवर पालथा पडून, गाडीखाली पेंग्विन बसलाय का ते बघत होतो. हे मी पूर्ण शुद्धीत लिहितोय. तिथे तशी पाटीच आहे, निघण्याआधी गाडीखाली वाकून बघा म्हणून, कारण ते बारके जीव समुद्रावरून घरी जाताना वाटेत कुठेही टेकतात आणि मग कोणीतरी रिव्हर्स टाकतो. तर मी नियम पाळणारा माणूस, पडलो पालथा, मोबाईलचा टॉर्च लावला, आणि नेमका तेव्हा माझ्या जिवलग मित्राने मागून माझा फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ काय, तर 'मेलबर्नपासून 140 किमीवर गाडी बंद. तरी एन्जॉय करतोय.'

ग्रुपवर 63 जण आहेत. सकाळपर्यंत त्यातल्या निम्म्यांनी माझ्या गाडीचं पोस्टमॉर्टेम केलं होतं. क्लच प्लेट का रे? सेकंडहँड घेतलीस का? एकाने नागपूरहून हात जोडलेले पाठवले. त्यातल्या कोणाची तरी आई माझ्या आईच्या भिशीत आहे, त्यामुळे रविवारी दुपारी साताऱ्याहून फोन आला आणि पहिलाच प्रश्न, "पैशाची काही अडचण आहे का बाळा?"

मी 43 वर्षांचा आहे.

मित्राला आपण मंद्या म्हणू. सतरा दिवसांसाठी आलाय, पुण्यात थंडी आहे आणि तुमच्याकडे समर आहे म्हणून. यातल्या 'तुमच्याकडे' या शब्दावर माझं खरं दुखणं आहे. विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यापासून तो मला ऑस्ट्रेलियाचा मालक समजतोय. त्याच्या आईने दिलेले कंदी पेढे आत तपासणीला काढून घेतले, दुधाचे पदार्थ चालत नाहीत, हे मी त्याला तीनदा लिहून कळवलं होतं, तर बाहेर येऊन मिठी मारायच्या आधी वाक्य काय, "तुमच्या लोकांनी माझ्या आईचे पेढे कचऱ्यात टाकले." माझ्या लोकांनी. त्यानंतर तुमच्या माश्या (तोंडात जातात), तुमची कॉफी (साडेपाच डॉलर, म्हणजे रुपयात किती हे तो मोठ्याने गुणून दाखवतो, कॉफी देणाऱ्या पोरीसमोर), तुमची दुकानं (संध्याकाळी पाचला शटर बंद, आमच्याकडे रात्री अकराला दहा मिनिटांत कोथिंबीर येते). ब्रायटनच्या बीचवर मी सनस्क्रीनची बाटली घेऊन मागे फिरत होतो, इथे 1981 पासून जाहिराती ओरडतायत की शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला, तर म्हणे "अरे आम्ही एप्रिलमधला पुण्याचा उन्हाळा काढणारी माणसं." रात्री पाठीला कोरफड कोणी लावली? मी. आणि लावून घेताना म्हणतो, तुमच्या उन्हात काहीतरी भेसळ आहे.

मी माफी मागतो, हे सगळ्यात वाईट. 'सॉरी यार, आज जरा वारं आहे.' वारं काय मी सोडलंय?

असो. तर शनिवार. दुपारी 37 होतं, मंद्या हाफ पँटवर. मी म्हटलं संध्याकाळी थंडी वाजेल, दक्षिणेचं वारं फिरलं की तासाभरात पंधरा डिग्री उतरतात, तिथे समोर थेट बास सामुद्रधुनी आहे. तो म्हणाला समर आहे. मी गुपचूप डिकीत आईची गोधडी टाकली. आठ वाजता समुद्रासमोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो तेव्हा गोधडी कोणाच्या अंगावर होती हे सांगत नाही. जानेवारीत इथे सूर्य मावळायलाच पावणेनऊ होतात आणि पेंग्विन अंधार पडल्याशिवाय पाण्यातून बाहेर येत नाहीत, म्हणजे तासभर नुसतं काळं होत जाणारं पाणी बघत कुडकुडायचं. आजूबाजूला शेकड्याने माणसं, सगळ्यांचे दात वाजतायत. सगळ्या पायऱ्यांवर हवामानाचा नीट अभ्यास करून आलेला एकच माणूस होता, आमच्या मागच्या पायरीवर, माकडटोपी घालून.

"मराठी का?"

मी मागे वळलो.

"मला वाटलंच. मघाशी 'च्यायला' ऐकलं."

काका चिंचवडचे. लेकीकडे आलेत, मेलबर्नच्या टार्नेटला, सहा महिन्यांसाठी. लेक-जावई मागे कुठेतरी गरम चिप्स घ्यायला गेले होते आणि मला आता दाट संशय आहे की ते मुद्दाम गेले होते. शेजारी काकू, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. पुढची पाच मिनिटं माझी तोंडी परीक्षा झाली. किती वर्षं झाली? अकरा. घर घेतलं? घेतलं. केवढ्याला? सांगितलं. लोन किती राहिलंय? तेही सांगितलं! माझ्या सासऱ्यांनासुद्धा हा आकडा माहीत नाही. काकांच्या आवाजात बाहेरून आलेल्या एक्झामिनरचा काहीतरी गुण होता, माणूस आपोआप बोलतो.

मग मीच माती खाल्ली. विषय बदलावा म्हणून जरा शहाणपणा दाखवायला गेलो. म्हटलं काका, हे आपण बसलोय ना, इथे मागे सगळी वस्ती होती, बंगले होते लोकांचे. पेंग्विनच्या जागेत घरं नकोत असं सरकारने 1985 साली ठरवलं, मग एकेक करून सगळ्या जागा विकत घेतल्या आणि घरं काढून टाकली. 2010 पर्यंत चाललं ते.

काका गप्प झाले. टोपी कानावरून वर केली.

"घरं पाडली?"

"हो."

"पेंग्विनसाठी?"

"हो."

"म्हणजे माणसांची घरं, पेंग्विनसाठी."

"हो काका."

"मोबदला काय भावाने दिला? बाजारभावाने का रेडीरेकनरने?"

आता हे मला कसं माहीत असणार. मी म्हटलं, कल्पना नाही.

"टीडीआर दिला का? जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क?"

"काका, इथे टीडीआर नसतो बहुतेक."

"मग लोक गेलेच कसे?" काका आता पुढे सरकून माझ्या कानापाशी आले होते. "आमच्या गल्लीत रस्तारुंदीत माझं सहा फूट कंपाउंड गेलं. पेरूचं झाड गेलं. वीस वर्षं खेटे घालतोय. मागच्या दिवाळीत साहेब म्हणाला फाईल सापडत नाही. फाईल सापडत नाही! आणि इथे वीतभर पक्ष्याला सी-फेसिंग प्लॉट." मग एकदम थकल्यासारखे मागे टेकले आणि म्हणाले, "पेंग्विन असतो तर बरं झालं असतं."

मी हसलो. ते हसत नव्हते.

तेवढ्यात काकूंनी डबा उघडून मेथीचे ठेपले पुढे केले आणि विचारलं की ते आत फोटोत पेंग्विनला स्वेटर घातलेत ते खरे का. खरे आहेत. समुद्रात तेल सांडलं की (2001 मध्ये इथे मोठं सांडलं होतं) पक्षी चोचीने पिसं साफ करायला जातात आणि तेल पोटात जातं, म्हणून धुवून निघेपर्यंत त्यांना लोकरीचे स्वेटर घालतात, लोक घरी विणून पाठवतात. काकूंच्या डोळ्यांत जे तेज आलं ते पेंग्विन आल्यावरही आलं नाही. "गळ्याला किती टाके घालतात? पंखाला भोक ठेवायचं का बाही काढायची? चोच अडकत नाही होय?" मी पुन्हा नापास.

आणि मग आले. म्हणजे आधी पाण्याच्या कडेला एक ओला काळा डाग दिसला, लाट मागे गेली तर त्या डागाचे सहा-सात तुकडे उभे राहिले. उभे राहून समोर बघतायत. एक जण दोन पावलं टाकतो, बाकीचे हलत नाहीत, तो मागे वळून बघतो, कोणी येत नाहीये म्हटल्यावर परत जाऊन रांगेत उभा. एक सीगल नुसता बाजूने चालत गेला तर सगळे धूम पाण्यात. असं तीनदा. चौथ्यांदा मात्र डोकं खाली घालून सगळे एकदम पळत सुटले, लग्नाच्या पंगतीत जागा धरायला सुटतात तसे, आणि वाळू पार करून गवतात घुसले. मला आवडतं हे. मी सहाव्यांदा बघत होतो आणि तरी घसा जरा दाटला.

मंद्या गोधडीतून म्हणाला, "एवढेसे?"

"33 सेंटिमीटर. किलोभर वजन."

"मला वाटलं कमरेएवढे असतील."

"ते अंटार्क्टिकात."

"मग तिकडे न्यायचं ना."

सॉरी, असं माझ्या तोंडातून जाणार होतं, शपथेवर सांगतो. पण तेवढ्यात तो म्हणाला "जरा धर रे," आणि गोधडी सावरायला म्हणून माझ्या हातात त्याचा फोन दिला. आता तिथे फोटो काढायला सक्त मनाई आहे, दहा ठिकाणी लिहिलंय, कर्ण्यावरून चार भाषांत सांगतात, उजेडाने पक्षी बिचकतात. फोन माझ्या हातात आला तो व्हिडिओ चालू असलेला, स्क्रीन फुल ब्राइट, वर त्याच्या आईचा चेहरा. व्हिडिओ कॉल! मंद्याची आई तिकडून म्हणतेय, "अरे मंदार, कुठे दिसतोय, सगळा अंधारच आहे."

रेंजर बाई पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आली. ओरडली नाही, हे लोक ओरडत नाहीत, त्यापेक्षा वाईट करतात. वाकून, अगदी गोड, पहिलीच्या मुलाशी बोलावं तसं म्हणाली, "सर, द पेंग्विन्स आर ट्राइंग टु गेट होम." चारेकशे डोकी वळली. मी 'इट्स नॉट माइन' म्हणालो, जे प्रत्येक गुन्हेगार म्हणतो. मंद्या समोर समुद्राकडे बघत होता, जणू आमची ओळख नाही.

आणि मागून माकडटोपी म्हणते, मोठ्याने, मराठीत, "नियम म्हणजे नियम. आपली माणसं बाहेर येऊनही सुधारत नाहीत." हेच काका! वीस मिनिटांपूर्वी यांनीच मला विचारलं होतं की शर्टाच्या खिशातून गुपचूप शूट केलं तर कळतं का!

परतीच्या लाकडी वाटेवर फळ्यांच्या खालून पिल्लांचा कलकलाट चालला होता, आईबापांनी दिवसभर समुद्रात फिरून आणलेलं काढून द्यावं म्हणून. मंद्या जरा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "हे रोज एवढ्या लांब जाऊन रात्री येतात? आयटीतले दिसतात." बरं वाटलं मला, जुना मंद्या दिसला दोन मिनिटं.

कारण जुना मंद्या मला तसा बऱ्याच वर्षांत भेटलेला नाही. मागच्या वेळी मी पुण्यात गेलो होतो तेव्हा साहेबांना क्वार्टर एंड होता. तीन आठवड्यांत एकदा, कर्वे रोडला अमृततुल्यात उभ्या-उभ्या चाळीस मिनिटं, त्यातली पंचवीस फोनवर, आणि निघताना "अरे नेक्स्ट टाइम निवांत बसू." निवांत बसायला मी परत दोन वर्षांनी येणार होतो. मी इथून त्याच्या मुलांसाठी मॅकाडेमियाची चॉकलेटं नेली होती ती टपरीच्या काउंटरवर दिली, आणि चहाचे पैसेही मीच दिले. हे मी विसरलो असं त्याला वाटतं. मला वर्षाला वीस दिवस रजा मिळते, त्यातले नऊ या सतरा दिवसांत गेले, बायको ऑफिसातून येऊन रोज पोळ्या करते आणि तो म्हणतो वहिनी तुमच्याकडे लाइफ किती निवांत आहे नाही. बायको माझ्याकडे बघते. मी भाजी वाढतो. हे त्याला तोंडावर सांगायचं मी अकरा दिवस ठरवतोय. त्याऐवजी रात्री पावणेअकराला गाडीखाली बघत होतो, कारण 'तूही बघ ना एका बाजूने' म्हटल्यावर तो म्हणाला होता, "अरे माझी पाठ भाजलीये."

गाडीखाली काही नव्हतं, तेही सांगून टाकतो. एक चिप्सचं पाकीट होतं.

ग्रुपवर मी खुलासा टाकला की गाडी उत्तम आहे आणि मी पेंग्विन शोधत होतो. त्यावर सगळ्यांनी हसून लोळणारे पाठवले, कोणाचाही विश्वास बसला नाही. आई म्हणाली, "तसंच सांग सगळ्यांना, मी पण तेच सांगेन."

काल संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. माकडटोपी. नंबर मी कधी दिला आठवत नाही, बहुतेक लोनच्या आकड्याबरोबरच दिला असेल.

"काय हो, त्या मोबदल्याचं काही कळलं का?"

"नाही काका."

"बघा जरा. बरं, ते समुद्रातले बारा खडक आहेत म्हणे, ट्वेल्व्ह अपॉसल्स. आमच्या जावयांना वेळ नसतो. तुम्ही मित्राला नेणारच असाल ना?"

मी म्हटलं काका, लांब आहे, आणि खरं सांगायचं तर बारा नाहीत ते. बारा कधी नव्हतेच, नऊ होते, त्यातला एक 2005 साली कोसळला.

"म्हणजे आठच?"

"आठ."

फोनवर बराच वेळ शांतता. मागून काकूंचा आवाज आला, काय म्हणतात ते. काका त्यांना म्हणाले, "चार कमी आहेत म्हणतायत." आणि मग मला, अगदी दुखावलेल्या आवाजात, "अहो मग बारा असं का लिहिता तुम्ही?"

मी म्हणालो, "सॉरी काका."