स्टिअरिंग हातात आहे ना, मग मोबाईल खाली ठेवा!

डोकं फिरलंय माझं. एक्स्प्रेसवेवर गाडी शंभरने पळतेय, आत आम्ही तिघं बसलोय आणि ड्रायव्हर रील्स बघतोय! फोन स्टिअरिंगशेजारी होल्डरला अडकवलेला, अंगठा सारखा स्क्रीनवर, मधूनच एकटाच हसतोय. म्हटलं, "दादा, तेवढा मोबाईल बंद करा." तर म्हणे, "काळजी करू नका, रोजचा रस्ता आहे." अरे, रस्ता रोजचा असेल, पण पुढचा ट्रक रोजचा आहे का?

शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. तीन सेकंद नजर रीलवर गेली की गाडी 80 मीटरहून जास्त पुढे जाते आणि तेवढा वेळ रस्त्याकडे कोणी बघतच नसतं. समोरच्या कंटेनरने ब्रेक मारला तर याला कळणार कधी, याचा पाय ब्रेकवर जाणार कधी आणि गाडी थांबणार कधी? पुढे खंडाळ्याचा घाट, पावसाळ्यात तिथे धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसायची मारामार.

वर उत्तर तयार असतं, "मॅप लावलाय." 1 ऑक्टोबर 2020 पासून नियमात मुभा आहे ती फक्त रस्ता शोधण्यापुरती, आणि तीही गाडीवरचं लक्ष हटणार नसेल तर. रील्ससाठी नाही, आयपीएलसाठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली पहिल्याच वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मार्च 2025 मध्ये ई-शिवनेरीचा चालक बस चालवताना क्रिकेटचा सामना बघत होता. प्रवाशाने व्हिडिओ काढून परिवहन मंत्र्यांपर्यंत पोचवला, तेव्हा कुठे कारवाई झाली. म्हणजे प्रवासी बोलला नसता तर चाललंच होतं!

आणि आपले प्रवासी! माझ्या शेजारचे दोघं खिडकीबाहेर बघत गप्प. कशाला वाकड्यात शिरा? अहो, गाडी ठोकली तर तुम्ही वेगळे वाचणार आहात का? मान वाकडी करून, खांद्यावर फोन दाबून शाळेची व्हॅन चालवणारे काका रोज दिसतात, आत पोरं कोंबलेली. गेटवर उभे असलेले आईबाप हे बघतात आणि पोरांना टाटा करतात. संताप येतो!

घरच्यांनाही सांगायचंय. माणूस गाडी चालवतोय हे माहीत असताना "कुठे पोचलास?" म्हणून चार-चार वेळा फोन कशाला? उचलला नाही की परत रिंग. पोचला की करेल ना तो!

त्या कॅबच्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", सोबत पुढच्या प्रवासाचं कूपन. एसी चालत नसता तर ती गैरसोय होती. इथे तिघांचा जीव त्या अंगठ्यावर लटकत होता. तुमचं कूपन तुमच्याकडेच ठेवा. तो ड्रायव्हर आजही गाडीवर आहे का, तेवढं सांगा. चार वेळा विचारलंय, अजून उत्तर नाही.